गूजबेरीची हजामत

१० फेब्रुवारी

डायरी तेलाच्या कंपनीची आहे. दरवर्षी दुकानात फुकट यायची आणि आमची ही तिच्यात वाण्याचे, गवंड्याचे फोन नंबर लिहायची. यंदा म्हटलं, मला दे. सगळा जन्म खुर्चीमागे उभं राहून गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेला. सलून लेकीच्या हातात दिल्यापासून गुडघे सुखात आहेत, पण तोंडाला काम उरलेलं नाही. हिच्याशी किती बोलणार? ती 'हं' म्हणते आणि उठून जाते.

तर आजची बातमी. परसातल्या गूजबेरीच्या दोन्ही झुडपांचा कारभार माझ्याकडे आला. आजवर ही बघायची, पण तिचा खांदा धरलाय आणि डॉक्टरांनी हात वर करू नका म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, "कापायचंच आहे ना? मग माझ्याहून चांगला माणूस कुठे मिळणार आहे तुला?"

"केस नाहीत हो ते," ही म्हणाली. "मधनं मोकळं ठेवायचं असतं त्यांना."

"तू बघत राहा."

काट्यांनी हात ओरबाडून निघाले, पण काम असं झालं की नजर लागावी. चारी बाजूंनी फिरून, मागे सरकून बघत, टोकं सारखी करत गेलो. दोन्ही झुडपं चेंडूसारखी गोल. मानेवरची लव काढावी तशी बुडाची बारीकसारीकही काढली. आरसा दाखवायचा तेवढा राहिला.

आमचं असं आहे की रस्त्याकडे सलून, मागे आमच्या दोन खोल्या आणि त्यांच्या बगलेत हे परस. सलूनचं मागचं दार परसातच उघडतं. लेक त्या दारात आली, झुडपांकडे बघून "छान" म्हणाली आणि आत गेली. हल्ली तिचं माझ्याशी बोलणं एवढंच.

दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले तेव्हा मला इतका आनंद झाला की संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्याला कळलं होतं. कळणारच. खुर्चीत बसलेल्या माणसाला अशी बातमी असताना मी काय हवामान सांगणार? पुढे पाचव्या महिन्यात ते राहिलं नाही. लोक चांगले. दुकानात येऊन येऊन तिची विचारपूस करायचे, रोज कोणी ना कोणी, किती आठवडे. तेव्हापासून लेक माझ्याशी हवापाण्याचंच बोलते. मी कुणाला वाईट काही सांगितलं होतं का? हिला विचारलं तर म्हणते, "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही," आणि विषय संपवते.

म्हणून मी एक ठरवलंय. लहानपणी लेकीचा गूजबेऱ्यांवर भारी जीव. पण पिकलेल्या, मऊ, गोड. हिरवी आंबट चुकून तोंडात गेली की थू थू करत आईच्या पदराला तोंड पुसायची. यंदा पहिली पिकलेली ओंजळ मी तिच्या हातात ठेवणार. खाताना माणूस दोन वाक्यं जास्त बोलतं, हा माझा धंद्यातला नसला तरी घरातला अनुभव आहे.

१९ मार्च

झुडपांना डोळे फुटले. गोल आकार अजून शाबूत आहे. शेजारचे पोस्टमास्तर कुंपणावरून वाकून म्हणाले, "काय हो, झुडपाचं लग्न ठरलंय की काय?" निवृत्त झालेल्या माणसाला दुसऱ्याच्या परसात बघण्याशिवाय उद्योग नसतो. मी निवृत्त झालो तरी मला उद्योग आहे, हा आमच्यातला फरक.

१२ एप्रिल

आज एक नवल घडलं. लेक आपण होऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "बाबा, केस रंगवायची गिऱ्हाइकं तुम्ही घ्याल का? रोज एखादा तास."

मी मुद्दाम जरा ताणलं. म्हटलं, "का? तुझा हात तर माझ्यापेक्षा बरा बसलाय रंगात."

"वेळ नाही पुरत," ती म्हणाली आणि रंगाची वाटी माझ्याकडे सरकवून दाराबाहेर जाऊन उभी राहिली. नाकाला रुमाल लावला होता. एवढ्या वर्षांत लेकीला कधी रंगाचा वास आला नाही, आता दुकानाची मालकीण झाल्यावर यायला लागला. चालायचंच. खुर्चीमागे पुन्हा उभा राहिलो आणि खरं सांगतो, गुडघे दुखायचे विसरले.

झुडपांना फुलं आलीत. इतकी साधी की चष्मा लावल्याशिवाय दिसत नाहीत. मधमाश्यांना मात्र दिसतात.

३० एप्रिल

फळं धरली. मिरीच्या दाण्याएवढी, पण धरली. हिच्या मते दरवर्षीपेक्षा कमी. "तुमच्या कात्रीतून वाचली तेवढीच," म्हणाली.

हिचं हल्ली काहीतरी बिनसलंय. रोज दुपारी मला काही ना काही आणायला पिटाळते. काल सुईदोरा, आज बटणं, परवा तर घरात दोन असताना तिसरी गाळणी. आणि जावई. तो स्वतःची नोकरी सांभाळून संध्याकाळी येतो आणि दुकानातले केस झाडतो, पाण्याच्या बादल्या भरतो. बायको स्टुलावर बसलेली आणि नवरा झाडू मारतोय. मी हिला म्हटलं, "जावईबापूंचा घरजावई व्हायचा विचार दिसतोय." ही म्हणाली, "तुम्ही बटणं बदलून आणा, ही मोठी आहेत."

६ मे

अनर्थ झाला. सकाळी परसात गेलो तर डाव्या झुडपाला टक्कल पडलेलं. परवापर्यंत भरगच्च होतं. वरून गोल आकार तसाच, पण आतली पानं गायब, नुसत्या शिरा उरलेल्या. काटे बाजूला सारून आत डोकावलो तर हिरव्या, काळ्या ठिपक्यांच्या अळ्या जेवायला बसल्यासारख्या ओळीने बसलेल्या. उजव्या झुडपाच्या शेंड्यांवर पांढरी भुकटी पडलीय. पावडरचा डबा सांडल्यासारखी. ही म्हणाली, "भुरी आहे ती." आणि माझ्या कात्रीकडे बघून आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

न्हाव्याच्या दारात टक्कल. पोस्टमास्तरांना हे दिसायच्या आत काहीतरी केलं पाहिजे.

८ मे

दाढीचा जुना ब्रश घेऊन अळ्या झाडल्या. काट्यांत ब्रश बरोबर जातो. खाली साबणाच्या पाण्याचं घमेलं धरलं होतं. ही युक्ती माझी स्वतःची. भुरीवर तुरटीचं पाणी मारून पाहिलं. वस्तरा लागला तर तुरटी चालते, मग इथे का चालू नये, असा हिशेब केला होता. चालली नाही. उलट भुकटी आता फळांवरही उतरायला लागलीय. आहेत ती थोडकी फळंसुद्धा गेली तर लेकीच्या ओंजळीत काय घालू?

पोस्टमास्तरांना दिसलं. नुसते स्वतःच्या टकलावरून हात फिरवून गेले.

१७ मे

आज दुकानात रंग लावून गिऱ्हाइकाला बसवलं होतं आणि हात रिकामा होता, म्हणून लेकीचं काम बघत बसलो. मी तिला शिकवलं, पण शिकवल्यानंतर कधी नीट बघितलंच नव्हतं. एक पोरगी आली होती, केस इतके दाट की कंगवा अडकून राहावा. माझ्या हाती पडली असती तर मी बाहेरून आकार देऊन मोकळा झालो असतो. लेकीने बाहेरचं काही धरलंच नाही. बट उचलायची, आतल्या आत विरळ करायची, सोडायची. डाव्या हाताने, खालून वर. पोरगी म्हणाली, "डोक्याला वारा लागतोय."

रंग धुऊन गिऱ्हाइकाला मोकळं केलं आणि मी थेट परसात. ही फेब्रुवारीत काय म्हणत होती ते मे महिन्यात डोक्यात शिरलं. सगळी मुंडी आत घालून मधल्या एकमेकींवर चढलेल्या फांद्या बुडातून काढल्या, भुरीचे शेंडे काढले, मध्ये माझा हात कोपरापर्यंत फिरेल एवढी जागा केली. गोल आकाराची पार वाट लागली. आता ती दोन्ही झुडपं झोपेतून उठलेल्या माणसासारखी दिसतात.

ही खिडकीतून बघत होती. मी म्हटलं, "मधनं मोकळं ठेवायचं असतं त्यांना."

"हो का," ही म्हणाली.

२९ मे

भुरी थांबली. टकलावर नवी पालवी आली. वाचलेली फळं बोराएवढी झालीत, हिरवीगार, अंगावर फिकट रेघा. आज इतकं बरं वाटलं की एकटाच दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो.

लेक भरल्यासारखी दिसते. स्टुलावर बसून काम केल्यावर दुसरं काय होणार. आणि तो नवा एप्रन, त्यात दोन माणसं मावतील. मी सुचवलं की जरा चालत जा घरी. तिने आईकडे पाहिलं आणि दोघी हसल्या. माझ्या बोलण्यावर हसण्यासारखं काय होतं ते मी अजून शोधतोय.

४ जून

चोरी होतेय. चार दिवस वाटत होतं की आपलाच भास, पण आज खात्री झाली. सलूनच्या दाराकडची बाजू निम्मी रिकामी झालीय. कच्च्या, हिरव्या, दात आंबवणाऱ्या गूजबेऱ्या कोण खातं? ही म्हणाली, "पक्षी असतील हो."

पक्षी तर पक्षी. बाजारातून जाळी आणली, दोन्ही झुडपांवर घातली आणि कडेने विटा ठेवल्या. लेकीची ओंजळ अशी कुणा चिमणीच्या घशात जाऊ देणार नाही. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "एवढी घट्ट कशाला?" हिचं पक्ष्यांवर प्रेम कधीपासून बसलं कोण जाणे.

९ जून

जाळी असूनही गेल्या. विटा जागच्या जागी. पक्षी वीट उचलून परत ठेवत नाही, तेव्हा हे काम माणसाचं. माणूस म्हटल्यावर शेजारी एकच.

पोस्टमास्तरांना कुंपणाशी गाठून विचारलं, "आंबट आवडतं का तुम्हाला?"

"पित्ताने मरायचंय का मला?" ते म्हणाले. मग त्यांना उमगलं मी काय विचारतोय, आणि ते लाल झाले. "तुमच्या त्या टकल्या झुडपाला मी हात लावीन?"

मग माझं तोंड सुटलं, त्यांचंही सुटलं. आता आमचं बोलणं बंद आहे. दाढीला ते पलीकडच्या रस्त्यावर जातात. तिथल्या माणसाचा हात जड आहे. भोगा.

१४ जून

आज जाळी काढून एकेक फांदी तपासली. फळ गेलं तिथे देठाचा तुकडा उरलाय. पक्ष्याने ओढलं तर देठ फाटतो, हाताने तोडलं तर फळाबरोबर येतो. हे देठ कापलेले आहेत. एका फटक्यात, स्वच्छ. काटा चुकवून, फांदी कशाने तरी उचलून. कंगव्याने.

चष्मा लावून पुन्हा पाहिलं. काप तिरका आहे. असा तिरका काप मीच शिकवलाय, कात्री कधी आडवी धरायची नाही म्हणून. पण माझा काप उजवीकडे उतरतो. हा डावीकडे उतरलाय. या रस्त्यावर डावखुरी कात्री एकच आहे आणि ती मीच शोधून आणून दिली होती.

लेक. हिरव्या गूजबेऱ्या. थू थू करणारी.

तिथेच पायरीवर बसलो. रंगाचा वास. स्टूल. एप्रन. जावयाचा झाडू. तिसरी गाळणी.

पुढचं लिहीत नाही. कागदाला सांगितलं तरी सांगितल्यासारखंच आहे.

१५ जून

दाराकडच्या बाजूची जाळी गुंडाळून वर बांधली. त्या बाजूला अजून थोड्या हिरव्या उरल्यात. हिने विचारलं, "का हो, पक्षी?"

"त्यांनाही पोट असतं," मी म्हटलं. ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

पोस्टमास्तरांच्या घरी जाऊन माफी मागितली. दाढी करून देतो म्हटलं, चुकलंच माझं. ते म्हणाले, "कोण निघालं मग?" मी म्हटलं, "पक्षीच."

२२ जून

आज कसोटी झाली. पोस्टमास्तर खुर्चीत, त्यांच्या गळ्याभोवती कापड, आणि दुकानात आम्ही दोघेच. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "लेक हल्ली बसूनच असते. बरी आहे ना? काही विशेष?"

जीभ अशी वळवळली म्हणून सांगू. अशी बातमी तोंडाशी असताना गप्प बसण्याची मला सवयच नाही. मग मी भुरीबद्दल बोलायला लागलो. भुरी कशी येते, कुठून येते, आधी शेंड्यावर का दिसते, तुरटी का चालत नाही, मध्ये वारा का लागतो. दाढी होऊन, केस होऊन, कापड झटकून झालं तरी माझी भुरी चालूच होती.

"तुमचं डोकं झुडपात गेलंय," ते म्हणाले आणि सुटका झाल्यासारखे गेले. त्यांचा डावा कल्ला उजव्याहून आखूड राहिलाय. त्यांनी घरी जाऊन आरशात बघू नये एवढीच इच्छा.

आरशात बघूनच आठवलं. मागच्या वेळी लोक लेकीला असंच विचारायचे. ती केस कापत असायची आणि समोर आरसा. तोंड फिरवायला जागा कुठे होती तिला? आज माझ्यावर आलं तेव्हा कळलं. इतका वेळ लागला.

१ जुलै

मागच्या वेळी याच सुमाराला, पाचव्यात, गेलं होतं. मला भीती वाटते. ती कुणाला सांगता येत नाही, कारण मला काही माहीतच नाही असं घरात सगळ्यांनी धरलंय.

लेक आणि जावई सकाळी "बँकेत" गेले. बँकेत जाताना कुणी आईच्या पाया पडत नाही. मी झुडपांशी जाऊन बसलो. अळी एकही नव्हती तरी पानामागून पान उलटून शोधत राहिलो. डाव्या झुडपावर नवी पालवी आता चांगली दाट झालीय. ती काही मोजत नव्हतो, नुसता हात फिरवत होतो.

दुपारी स्वयंपाकघरातून हिचं गुणगुणणं ऐकू आलं. ही गुणगुणते म्हणजे बँकेत सगळं ठीक आहे. मी नाक शिंकरून आत गेलो आणि जेवायला काय आहे म्हणून विचारलं.

११ जुलै

पिकल्या. शेंड्याकडच्या आधी, लालसर झाल्यात आणि बोटाने दाबल्या की दबतात. ओंजळ भरायला बऱ्याच फांद्या धुंडाळाव्या लागल्या, पण भरली. लेक मागच्या दारातून परसात आली आणि पायरीवर टेकली, एक हात कमरेवर. मी ओंजळ तिच्यापुढे धरली.

तिने एक तोंडात घातली आणि चेहरा वेडावाकडा केला. "गोड आहे हो ही," म्हणाली. "हिरव्या नाही उरल्या?"

"दाराकडच्या बाजूला आहेत थोड्या. ठेवल्यात तुझ्यासाठी."

ती चावायची थांबली. "बाबा, जाळी तुम्ही काढलीत? मला वाटलं आईने."

"आईचा खांदा धरलाय. तिचा हात तिथवर पोचतो का?"

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"डावा काप मला ओळखू येत नाही होय? पण एक देठ लांब ठेवला होतास. घाईत होतीस वाटतं."

ती पायरीवर जरा बाजूला सरकली. मग हळूच म्हणाली, "आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत? पोस्टमास्तरांनासुद्धा?"

"त्यांना भुरीबद्दल सांगितलं."

ती हसायला लागली. हसता हसता डोळे भरून आले आणि तिने एप्रनच्या टोकाने तोंड पुसलं, लहानपणी पदराला पुसायची तसंच. मी तिच्या शेजारी बसलो. पायरी दोघांना जरा अरुंद पडते. बराच वेळ ती बोलत होती. मागच्या वेळचं, आताचं, रात्री कूस बदलताना काय वाटतं ते, जावई कसा उगाच सगळ्या जड वस्तू उचलून कपाटावर ठेवतो आणि मग तिलाच त्या खाली काढायला शिडी लागते ते. हवापाण्याचं एक अक्षर नाही. मी फक्त 'हं' म्हणत होतो. 'हं' म्हणणंही सोपं नसतं, हे हिला आता एकदा सांगायला हवं.

जायला उठताना म्हणाली, "डॉक्टर म्हणालेत, सगळं छान चाललंय. आता लोकांना दिसतंयच. दुकानात तुम्हीच सांगा, बाबा. मला जमणार नाही, आणि तुम्हाला सांगायला आवडतं."

"खरंच सांगू?"

"सांगा. ज्याला सांगायचं त्याला."

तिने हिरव्यांच्या बाजूला जाऊन खिशातली कात्री काढली.

संध्याकाळी पोस्टमास्तर कल्ले सारखे करून घ्यायला आले. गळ्याभोवती कापड बांधलं, खुर्ची वर केली, कंगवा ओला केला. त्यांनी आरशातून विचारलं, "काय, आज काय विशेष?"

सगळं जिभेच्या टोकावर होतं. परवानगीही होती. मी त्यांची मान जरा डावीकडे वळवली आणि म्हटलं, "गूजबेऱ्या पिकल्या."

उद्या सांगीन. आजचा दिवस माझ्याजवळ राहू दे.